बुधवारचा उपास

सुलोचनाबाईने पदराने धरून गंजावरचं झाकण उचललं आणि सगळ्यात वरच्या आलूत सुरीचं टोक खुपसलं. सुरी सरळ आत गेली. पहिली खेप शिजली होती. तिने चुलीतलं लाकूड थोडं मागे ओढलं, आलू टोपल्यात उपसले आणि त्याच पाण्यात दुसरी खेप सोडली. सोळा किलो आलू होते. नऊ बायका बसल्या की एवढ्यांचे पापड दुपारच्या आत लाटून होतात, हा तिचा अठरा वर्षांचा अंदाज होता आणि तो कधी चुकला नव्हता.

अंगण उजाडायच्या आधीच सडा टाकून झाडलं होतं. दोन बाजा उन्हात ओढून त्यांवर धुतलेलं प्लास्टिक ताणून बांधलं होतं. मीठ, जिरं, लाल तिखट वाट्यांत काढून ठेवलं होतं. वांग्याची भाजी आत गॅसवर फोडणीला पडली होती, भाताचे तांदूळ धुऊन निथळत होते. चहाचे नऊ कप पालथे घातले होते. बायका यायच्या तेवढ्या राहिल्या होत्या.

तिचा नवरा भय्याजी सायकल काढत होता. उन्हाळी धानाला आज पाण्याची पाळी होती.

"आल्या नाही का अजून कोनी?"

"येतीन. सात तं वाजले आताच."

भय्याजीने अंगणाकडे, बाजांकडे, मग बायकोकडे पाहिलं. तो मागच्या दाराने सायकल काढून निघून गेला. पापडाच्या दिवशी पुरुषमाणसं मागच्या दारानेच जात.

त्या गल्लीत पापडाला कोणी तोंडाने बोलावत नसे. आदल्या संध्याकाळी घरोघर जायचं आणि उंबऱ्यावर एक कच्चा आलू ठेवून यायचं, एवढंच. जी येणार ती सकाळी तोच आलू धुऊन सोबत आणते, यजमानणीच्या गंजात टाकते आणि आपलं पोळपाट मांडून बसते. ही रीत कोणी पाडली ते कोणालाच ठाऊक नव्हतं. दिवस मात्र सुलोचनाबाई ठरवायची. होळी झाली की दर बुधवारी एक घर. बुधवारच का, तर सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवारी कोणाचं व्रत, शनिवारी कोणाचा मारुती. बुधवारी उपास करणारी बाई अख्ख्या गल्लीत शोधून सापडली नसती. आणि पापड झाले की साऱ्याजणींनी एका पंगतीत जेवायचं असे. यजमानणीच्या घरचं अन्न तोंडात पडल्याशिवाय तो दिवस पुरा झाला असं कोणी मानत नसे.

काल संध्याकाळी ती आठ घरी आलू ठेवून आली होती. निर्मलाबाईच्या उंबऱ्यावर तर मुद्दाम मोठा, लांबट आलू ठेवला होता. निर्मलाबाई दारातच होती. गोड हसली, वरून "बस ना, चहा घेऊन जाय," असंही म्हणाली. गल्लीत दहावं घर बायजाबाईचं. ते सुलोचनाबाईने टाळलं. दोन वर्षं झाली, ती ते टाळतच होती.

यंदाचा बुधवार मात्र नुसता पापडांचा नव्हता. संक्रांतीच्या आठवड्यात तिच्या गुड्डीने नागपूरला कोर्टात लग्न केलं होतं. गुड्डी नागपूरला ज्या दुकानात कामाला होती, पोरगाही तिथलाच होता. निर्व्यसनी होता, आईला धरून होता, सगळं होतं. जात तेवढी दुसरी होती. भय्याजी दोन दिवस जेवला नाही, तिसऱ्या दिवशी जेवला आणि त्यानंतर त्याने तो विषयच काढला नाही. गल्लीनेही काढला नाही. नळावर बायका पहिल्यासारख्याच बोलत होत्या, आणि सुलोचनाबाईला त्याचीच जास्त धास्ती वाटत होती. पंधरा दिवसांपूर्वी तिने गुड्डीला फोनवर सांगितलं होतं.

"माह्या पापडाचा बुधवार होऊ दे. बाया येऊन जेवून गेल्या का तुमाले दोघायलेबी बोलावतो. मंग तुहा बाप कायी म्हननार नाही."

"अन् नाही आल्या तं, आई?"

"काहून नाही येतीन वो? मी बोलावलं अन् कोनी आलं नाही, असं झालं का कधी?"

साडेसात झाले. तिसरी खेप उतरली. आलूंच्या वाफेने पडवी कोंदली. पावणेआठला सुलोचनाबाईने चहाचं आधण बंद केलं आणि रस्त्याकडचं दार उघडलं.

उंबऱ्याबाहेर पायरीवर आठ आलू होते. कोणी फेकलेले नव्हते, नीट एका ओळीत मांडलेले होते. कालची माती त्यांना तशीच चिकटलेली होती. कडेचा लांबट आलू निर्मलाबाईचा. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. समोर रुखमिणीच्या बंद दारामागे मिक्सर चालू होता. तो एकदम थांबला, म्हणजे रुखमिणी फटीतून बघत होती.

सुलोचनाबाई दाराची चौकट धरून उभी राहिली. उंबऱ्यावरचा आलू परत करायचा असतो हे या गल्लीला माहीत नव्हतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत एकीनेही तसं केलं नव्हतं. आजारी असली तर बाई तोंडाने सांगायची, मयतीला जावं लागलं तर आलू सुनेच्या हाती पाठवून तिला बसवायची. बायजाबाईची पोरगी तृप्ती परजातीच्या पोरासोबत निघून गेली, त्या वर्षी बायजाबाईने नऊ घरी आलू ठेवले होते. सकाळी उजाडताच सुलोचनाबाईने आपल्या उंबऱ्यावरचा उचलला, तिच्या पायरीवर नेऊन ठेवला आणि येता येता नळावर निर्मलाबाईला म्हणाली, "मी ठेवून आली. तुमचं तुमी पाहा." आठ वाजेपर्यंत तिथे नऊ आलू झाले होते. शिकवलेलं बायका विसरल्या नव्हत्या. त्या दुपारी बायजाबाई ताट घेऊनही तिच्याकडे आली होती, पण ते सुलोचनाबाईला आता आठवायचं नव्हतं. तिने दार लोटलं आणि पडवीत येऊन टोपल्यापाशी बसली.

सोळा किलो आलू. त्यांच्याकडे बघून तिला रडू आलं नाही, राग आला. आधी निर्मलाबाईचा, मग गुड्डीचा, मग परत निर्मलाबाईच्या त्या गोड हसण्याचा. एकटीने लाटायला बसावं म्हणून तिने चार आलू सोलले, परातीएवढ्या पितळी कोपरात कुस्करले, एक गोळा प्लास्टिकमध्ये दाबला. पापड कडेने फाटला. दाबायला एक, उचलायला एक, बाजेवर टाकायला एक. एकटीच्या हाताने तो फाटणारच.

दार वाजलं नाही, उघडलं. बायजाबाई आत आली. साठीची सडपातळ बाई, गुडघ्यात थोडी वाकलेली. पदराचा ओचा करून तिने त्यात काहीतरी धरलं होतं. पडवीत येऊन तिने ओचा टोपल्याशेजारी मोकळा केला. पायरीवरचे आठही आलू जमिनीवर घरंगळले.

"गाय आली होती दारात. खाल्ले असते तिनं."

दोन वर्षांत ही बाई या घरात आली नव्हती. भय्याजी बायजाबाईच्या नवऱ्याला, सोमाजीला, दादा म्हणायचा, म्हणून सुलोचनाबाई तिला वहिनी म्हणायची. ते तरी तोंडातून निघेल का, कळेना.

"बसा ना, वहिनी."

"किती उकडले?"

"सोळा किलो."

"मी बारा उकडले होते," बायजाबाई म्हणाली आणि खाली बसली. आवाजात काही नव्हतं. भाव सांगावा तसं तिने ते सांगितलं. "उकडला आलू दुपारून चिकटते, सकारी आंबते. किसनी आहे का मोठी?"

"आहे. पन किसनी कायले? पापडाले तं..."

"पापडाले नऊ जनी लागतात. किसाले एकटी पुरे."

सुलोचनाबाईने किसणी आणून दिली. मग चहा गरम करून एक कप पुढे ठेवला. बायजाबाईने तो हाताच्या उलट्या बाजूने सरकवून ठेवला, "राहू दे," म्हणाली आणि बाजेजवळ सरकली. सोललेला आलू तिने प्लास्टिकवरच उभा धरून किसला. पांढरे लांब धागे प्लास्टिकवर मोकळे पडत गेले. हात फिरवत फिरवत ती बाजेच्या कडेने पुढे सरकत होती, म्हणजे कीस एकावर एक पडत नव्हता.

"असा पातळ पडू द्यायचा. मीठ आता नाही टाकायचं, पानी सुटते. तळल्यावर भुरकायचं. दोन उन्हात खडखडीत होते, सालभर राहते."

"तुमाले कोनी सांगितलं हे?"

"कोन सांगन मले?"

सुलोचनाबाई सोलायला बसली. दोघींचे हात चालू झाले. अर्धा टोपला बाजेवर गेला तेव्हा बायजाबाईने थांबून उरलेल्यांचे हाताने वाटे पाडले.

"आता साराच कीस नको करू, बाजा दोनच आहेत. हे चार किलो कुस्करून कनकीत मळ, पानी अजिबात नको, आलूच्याच ओलीवर मळल्या जाते. त्याचे पराठे उद्यापर्यंत नरम राहतात. हे दोन किलो साबुदान्यात घालून चकल्या पाड. अन् हे उरले ते आज रात्रीच्याले. थोडे ताकात कुस्करून फोडणी दे, कढीवानी होते, भातावर चांगली लागते. उरले त्याचे बोंडे. सांभार बारीक चिरून भरपूर घालजो, नाही तं आलू आलू लागते."

"किती प्रकार येतात वो तुमाले."

"पहिल्या साली नव्हते येत." बायजाबाईने नवा आलू घेतला. "पहिल्या साली म्या एकटीनं पापड लाटून पाहिले. दोन कोपर झाले, सारे फाटके. बाकीचं आंबून गेलं. ढोरापुढं टाकलं तं ढोरानंबी तोंड फिरवलं. हे एका दिवशी आठ-दहा किलो उकडले आलू कसे जिरवायचे, ते म्या नंतर शिकली. दर साली उकडतो."

"एकटीच? कायले मंग उकडता एवढे?"

बायजाबाईने किसणीला चिकटलेला कीस बोटाने काढला. मग म्हणाली, "आदल्या दिवशी वाटते, यंदा येतीन."

सुलोचनाबाईने मान खाली घातली आणि सोलत राहिली. चुकले, माफ करा, असं काहीतरी म्हणायला हवं होतं. ते शब्द तिच्या जिभेवर आलेही, पण एवढ्या जुन्या गोष्टीला असा एक शब्द काढून काय होणार, असं तिला वाटलं. खरं म्हणजे तिला लाज वाटत होती, आणि लाज वाटते हे कबूल करायची तिला सवय नव्हती. तिने फक्त सोललेले आलू बायजाबाईच्या हाताशी नीट रचून ठेवले.

टोपल्याशेजारी ठेवलेला फोन वाजला. गुड्डीचं नाव दिसत होतं. सुलोचनाबाईचे दोन्ही हात आलूने बरबटले होते. तिने फोनकडे पाहिलं आणि हात पुसले नाहीत. काय सांगणार होती? आठ बायकांऐवजी आठ आलू आले, हे सांगणार होती? फोन वाजून थांबला.

"उचलायचा होता," बायजाबाई म्हणाली. "तृप्तीनंबी केला होता त्या दिवशी. अशीच घडी होती. मले वाटलं, रडल्यासारखा आवाज येईन आपला. म्हनून नाही उचलला."

"मंग?"

"मंग तिनं नाही केला."

"कधीच?"

"पोरगी झाली तिले, ते मले निर्मलाबाईकडून कळलं."

किसणीचा आवाज परत सुरू झाला. सुलोचनाबाईला वाटलं की आता उठावं, हात धुवावेत आणि गुड्डीला फोन लावावा. पण सांगायला काहीतरी तर हवं. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळायला लागली. बायजाबाई आली आहे. काम केलं आहे. हिने आता या घरात दोन घास खाल्ले की एक घर तरी झालं. आठ नाही, एक. तेवढ्यावर गुड्डीला सांगता येईल की एक जण जेवून गेली, तू ये. भय्याजीलाही सांगता येईल. एक घर म्हणजे कमी नाही, एक घर असलं की गल्ली फुटलेली राहते, पुढच्या सालापर्यंत दोन होतील, तीन होतील. असा हिशेब तिने झरझर मांडला आणि बोंड्यांचं बेसन भिजवायला घेतलं.

तिने मन लावून बोंडे केले. हिरवी मिरची, लसूण ठेचून घातला, कोथिंबीर मूठभर जास्तच घातली. तेलाला धूर यायच्या आत पहिले चार सोडले आणि मंद आचेवर लाल होऊ दिले. तोवर दोन्ही बाजा किसाने भरल्या होत्या. ऊन अंगणाच्या मधोमध आलं होतं. बायजाबाईने उठून किसावर जुनी मच्छरदाणी पसरली, कडांना चार दगड ठेवले आणि रांजणाजवळ जाऊन हात धुतले. नुसते हात धुतले, गडव्यातलं पाणी प्यायली नाही.

सुलोचनाबाईने पाट मांडला. घरातल्या सगळ्यात मोठ्या ताटात बोंडे, वांग्याची भाजी, भात वाढला. लिंबाची फोड ठेवली. ताटाशेजारी पाण्याचा पेला ठेवला.

"बसा, वहिनी. पहिला घाना आहे, गरम गरम."

बायजाबाईने ताटाकडे पाहिलं. नीट पाहिलं, बोंड्यांचा रंग पाहिला.

"चांगले झाले," ती म्हणाली. "मले आज उपास आहे."

"अरे देवा, सांगायचं तं खरं. थांबा, उपासाचं करून देतो. भगरीचं पीठ आहे, सेंधा मीठ आहे घरात. आलू तं उपासाले चालतेच. पाच मिनटं बसा फक्त."

"निर्जळी आहे."

सुलोचनाबाई भगरीच्या डब्याकडे वळली होती, ती तशीच थांबली. दोन वर्षांपूर्वीची दुपार, हेच दार. बायजाबाई ताटावर फडकं झाकून पायरीवर उभी होती. 'उपास आहे मले,' असं दाराआडून सुलोचनाबाईच बोलली होती. 'उपासाचेच आहेत, सुलोचना. भगरीचे बोंडे आहेत, सेंधा मीठ घातलं, तुह्यासाठी येगळे काढले,' असं बायजाबाई म्हणाली होती. तेव्हा ऐनवेळी काय सुचलं म्हणून सुलोचनाबाईला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं. 'निर्जळी आहे.' दुसऱ्या दिवशी नळावर तिने ते साऱ्यांना सांगितलं होतं आणि साऱ्या हसल्या होत्या. बरेच दिवस हसत होत्या.

"वहिनी," ती म्हणाली. "आज बुधवार आहे."

"हाव," बायजाबाई म्हणाली. "त्याही दिवशी बुधवारच होता."

तिने पदर डोक्यावर घेतला. ती रागात नव्हती, तिच्या चेहऱ्यावर समाधानही नव्हतं. उंबरा ओलांडता ओलांडता एवढंच म्हणाली, "कीस संध्याकाळी आत घेजो. दव पडते." मग गुडघ्यावर हात ठेवून एक एक पायरी उतरली आणि आपल्या घराकडे गेली. रुखमिणीचं दार थोडं उघडं होतं, ते लागलं.

सुलोचनाबाई मांडलेल्या पाटासमोर जमिनीवर बसली. ताट तिथेच होतं. कढईतलं तेल करपायला लागलं तेव्हा तिने उठून गॅस बंद केला आणि परत येऊन बसली. आता तिला रडू आलं. बायजाबाई खोटं बोलली याचं तिला काही वाटलं नाही. आठ जणी तर खोटं बोलायलासुद्धा दारात आल्या नव्हत्या.

फोन परत वाजला. दोनदा वाजू दिला. मग तेलकट हातानेच तिने तो उचलला.

"आई? सकाळी उचलला नाही. झाले का पापड?"

"नाही झाले. कीस केला."

गुड्डीच्या मागे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. "आल्या नाही ना कोनी?"

"एक आली होती."

"जेवली?"

सुलोचनाबाईने ताटाकडे पाहिलं. भातावरची वाफ गेली होती. आवाज रडल्यासारखा येत होता, तो तिने तसाच येऊ दिला.

"साऱ्यायले उपास आहे आज," ती म्हणाली.

"बुधवारचा कोनाचा उपास असते, आई?"

"असते. माह्यापासूनच सुरू झाला तो." तिने नाक पदराला पुसलं. "तुले तं नाही ना उपास, गुड्डी? तुले नसन तं ये. जावयाले घेऊन ये. आलू लय उरले."